फेक साठ फुटांची

वर्षातून दोन मोसमांत मला हमखास फोन येतात. गणपती-नवरात्रात मंडळवाल्यांचे, आणि क्रिकेटचा मोठा सामना आला की सगळ्यांचेच. प्रश्न एकच, "काका, प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा?" मी विचारतो, "पडदा केवढा बांधणार?" पलीकडे जरा शांतता. मग, "थे पाहू ना मंग, तुमी आंधी अंतर सांगा!" अंगाचं माप न सांगता शिंप्याला कापड किती लागेल म्हणून विचारावं, तशातली गत.

हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. 1985 च्या सुमारास दहावीला गणितात आपटलो आणि रिकामा हिंडण्यापेक्षा बरं म्हणून एका टुरिंग टॉकीजच्या ट्रकवर चढलो. तंबूचे खांब रोवायचे, पोस्टरला खळ लावायची आणि ऑपरेटरच्या हाताखाली राहायचं, एवढंच काम. बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही लोक दोनच भाग मानतो, घाटावर आणि घाटाखाली. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. यात्रा, उरूस आणि मोठे आठवडी बाजार धरून तंबू दोन्हीकडे फिरायचा. सिनेमाच्या पेट्या अमरावती-भुसावळकडून रेल्वेने येत आणि मलकापूर नाहीतर नांदुरा स्टेशनावर पार्सल सोडवायला मला पाठवत. पेटी उचलताना पहिल्यांदा कळलं की सिनेमा वजनाने मोजतात. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, आणि आपल्याकडचे सिनेमे तर तीन-तीन तासांचे.

ऑपरेटरला सगळे चाचा म्हणत. लुंगी, डोक्यावर मफलर, आणि मशीनमधल्या कार्बन-आर्कच्या उजेडाने बारीक झालेले डोळे. त्यांच्याजवळ एक दोरी होती. सुतळी वळून केलेली, अंगठ्याएवढी जाड, तेलाने काळी पडलेली. दर दहा फुटांवर गाठ, आणि सहाव्या गाठीला लाल चिंधी. ट्रक जागेवर आला की चाचा आधी पडद्याचे बल्ले रोवायला लावत. मग दोरीचं एक टोक पडद्याच्या मधोमध, खाली मातीत ठोकलेल्या खुंटीला बांधायचं आणि दुसरं टोक घेऊन मी चालत जायचं. लाल चिंधी जिथे येईल तिथे मशीनचा स्टँड. एकदा घाईत मी स्टँड आधी उतरवला, तर चाचांनी तो परत ट्रकवर चढवायला लावला. म्हणाले, "लेका, मशीन आंधी नाई ठेवत. पडदा सांगन तिची जागा."

दोरी ओली झाली की आखडते, म्हणून पावसाच्या दिवसांत ते चिंधीपुढे वीतभर जास्त घेत.

साठ फूटच का, हे विचारायला मला सहा महिने लागले. चाचांनी लेन्स काढून माझ्या हातात दिली. पितळी नळी, तिच्यावर कोरलेला आकडा 100, म्हणजे 100 मिलिमीटर. मग फिल्मचा एक तुकडा माझ्या बोटांत धरवला. 35 मिलिमीटरची पट्टी, पण दोन्ही कडांची भोकं आणि आवाजाची रेघ सोडली, तर गेटमधून उजेड जाणारं चित्र जेमतेम 21 मिलिमीटर रुंद. आता शंभराला एकवीसने भागा. पावणेपाच. म्हणजे पडद्यावर चित्र जेवढं रुंद हवं, त्याच्या पावणेपाच पट मागे मशीन न्यायची. हे अंतर म्हणजे फेक. साठ फुटांवरून साडेबारा फुटांचं चित्र पडतं. या लेन्सपुढे सिनेमास्कोपची लेन्स लावली की ते आडवं दुप्पट पसरतं. झालं पंचवीस फूट! आणि मालकाने शिवलेला पडदा बरोबर पंचवीस फुटांचा होता. दहावीत त्रैराशिकाने माझा घात केला होता, तेच इथे लुंगी नेसून समोर उभं होतं.

(स्कोपची लेन्स लावायला एकदा मीच विसरलो. हिरो, हिरोईन, खलनायक, त्याचा घोडा, सगळे बांबूसारखे लांबट आणि वाळलेले. लोकांना वाटलं दुष्काळावरचा सिनेमा आहे. एक रीळभर कोणी ओरडलंच नाही.)

खरा धडा मिळाला तो घाटाखालच्या एका यात्रेत. शेजारीच दुसरा तंबू लागला आणि त्याचा पडदा आमच्यापेक्षा मोठा. मालक कासावीस झाला. यात्रेत लोक सिनेमाचं नाव नंतर पाहतात, पडदा आधी मोजतात. "मशीन मांगं घ्या," त्याने फर्मावलं. चाचा नको म्हणत होते. तरी दुपारभर दोन पांढऱ्या पट्ट्या शिवून पडदा तेहतीस फुटांचा केला आणि मशीन ऐंशी फुटांवर नेली. हिशेब चुकला नव्हता, चित्र पडद्यावर काठोकाठ बसलं. पण आर्कमधला कार्बन तोच आणि उजेडही तेवढाच. तो आता पावणेदोन पट जागेवर पसरायचा, म्हणजे वाट्याला निम्म्याहून थोडा जास्त आला. दिवसाचे प्रसंग कसेबसे निभावले. रात्रीचा प्रसंग आला आणि पडद्यावर नुसतं अमावास्येचं आभाळ. अंधारातून आरोळी आली, "अबे, पडद्यावर कंदील तं लावा!" चाचांनी कार्बनला करंट वाढवला, तर कांड्या भराभर जळू लागल्या आणि मालकाचा चेहरा त्याहून भराभर. दुसऱ्या दिवशी मशीन परत लाल चिंधीवर. मालकाने पडद्याऐवजी दारावरच्या पाटीवरची 'सिनेमास्कोप' ही अक्षरं मोठी करून घेतली. धंदा बरा झाला.

इथे एक गैरसमज अजून चालतो, म्हणून सांगतो. मशीन लांब गेली म्हणून उजेड मरत नाही, चित्र मोठं झालं म्हणून मरतो. जास्त आकड्याची लेन्स लावून तेवढंच चित्र लांबून टाकलं, तर उजेडात फार फरक पडत नाही. फक्त वाटेत धूळ आणि बिडीचा धूर जास्त लागतो, आणि यात्रेत दोन्ही मुबलक. लांबच्या झोताखाली डोकीही जास्त येतात. त्यातलं एखादं पोरगं बापाच्या खांद्यावर बसलेलं असतं, आणि पोराला स्वतःच्या हाताची सावली हिरोपेक्षा जास्त आवडते.

फेकेची दुसरी बाजू काळ्या मातीने शिकवली. पूर्णेच्या खोऱ्यातली माती कोरडी असली तर भेगाळलेली, ओली झाली तर लोणी. धूळ बसावी म्हणून मालकाने एकदा खेळाआधी तंबूत पाणी मारायला लावलं. पाण्याला उतार मिळाला आणि ते निमूट येऊन आमच्या स्टँडच्या पुढच्या पायांशी थांबलं. सिनेमा सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने चित्र खाली सरकू लागलं. आधी हिरोचे बूट गेले, मग पोटऱ्या. वर पांढरी पट्टी मोकळी. पुढच्या लोकांच्या टोप्यांवर रंगीत उजेड नाचतोय आणि मागून सवाल, "हिरोचे पाय कोठी गेले बे?" चाचांनी बत्ती पेटवून पाहिलं. पाय मातीत अर्धाच इंच रुतले होते. पण स्टँड मागून पुढे तीन फुटांचा आणि फेक साठ फुटांची, म्हणजे विसाचा गुणाकार. इथला अर्धा इंच तिथे दहा इंच. उरलेला सिनेमा मी स्टँडखाली पालथा पडून काढला, हातात लाकडी पाचर आणि हातोडा घेऊन. चाचा पायाने ढोसत, मी एक ठोका मारत असे. तो सिनेमा मी आजतागायत पाहिलेला नाही. आवाज मात्र पाठ आहे.

आवाजावरून आठवलं. तंबूत शेवटच्या रांगेला बसलेल्यांना ओठ आधी हलताना दिसतात आणि शब्द मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण सव्वाअकराशे फूट जातो आणि फिल्मच्या सेकंदाला 24 चौकटी. म्हणजे सत्तेचाळीस फुटांमागे एक चौकट उशीर. चाचा गेटखालच्या फिल्मच्या वळणात एका चौकटीचा फेर करून तंबूच्या मध्यावर बसलेल्याचं जुळवून देत. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कोणी त्याबद्दल शाबासकीही दिली नाही. मला ते कौशल्य पाचरीपेक्षा मोठं वाटतं.

पण पडद्यामागचे किस्से सांगायचे, तर मी खरोखर पडद्यामागचाच. टुरिंगवर जाण्याआधी, लहानपणी, गावात सरकारी गाडी यायची. कुटुंबनियोजन, शेतीची खतं, असले माहितीपट. मशीन 16 मिलिमीटरची, पेटीत मावणारी. तिची लेन्स 50 ची आणि चित्र साडेनऊ मिलिमीटरचं, म्हणजे फेक पडद्याच्या सव्वापाच पट. आठ फुटांचा मांजरपाट आणि बेचाळीस फुटांवर मशीन. पडद्यापुढे सरपंच, मास्तर, मोठी माणसं. आम्ही पोट्टे आणि उरलेला गाव मागच्या बाजूला. मांजरपाटातून चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. अक्षरं उलटी, आणि इंजेक्शन देणारी नर्स डावखुरी. बरीच वर्षं मला वाटायचं की सरकारी नोकरीला डावखुरे लोकच घेतात.

एका चैत्रात खेळ चालू असताना अवकाळीचं भुरभुर आलं. मशीनवर छत्री धरली, पडद्यावर कोण धरणार? मांजरपाट भिजला आणि गंमत झाली. कोरडं कापड उजेड परत फेकतं, ओलं कापड तो आरपार सोडतं. पुढे खुर्च्यांवरच्या मंडळींना चित्र मळकट दिसू लागलं आणि मागे आम्हाला असं लख्ख, की नर्सच्या सुईचं टोक दिसलं. मास्तर उठून मागे आले. मग सरपंच. त्या रात्री गावाने पहिल्यांदा एका बाजूला बसून काही पाहिलं, आणि तेही उलटं.

पुढे व्हिडिओ आला, मग घरोघरी डिश. तंबू एकेक करून गुंडाळले गेले. रिळाच्या पेट्या बंद झाल्या आणि सिनेमा उपग्रहावरून, हार्डडिस्कवरून येऊ लागला. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला आणि 2016 मध्ये कानच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. त्यात मशीन दुरुस्त करणारा एक माणूस आहे, स्वतः नवी मशीन घडवणारा. त्याचे तेलकट हात पडद्यावर पाहिले आणि मला चाचांची दोरी आठवली.

आता मशीन हातात मावते. खोक्यावर 'थ्रो रेशो' म्हणून एक आकडा छापलेला असतो, आणि तो म्हणजे चाचांचं पावणेपाचच, फक्त लहान झालेलं. आकडा 1.5 असेल तर दहा फुटांच्या पडद्याला पंधरा फूट. 0.5 असेल तर पाचच. शंभर इंची चित्र म्हणतात ते कोनाकोनी मोजलेलं असतं. त्याची रुंदी सव्वासात फूट, म्हणजे दीडच्या मशीनला अकरा फूट जागा हवी. संपला हिशेब. पण खोका पहिल्याच दिवशी रद्दीत जातो.

19 नोव्हेंबर 2023, अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल. आमच्याकडच्या एका मंडळाने चौकात वीस फुटांचा पडदा बांधला, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला मशीन ठेवली आणि नगारे आणले. अंतर बरोबर होतं, मीच मोजलं होतं. सामना दुपारी दोनला. आणि नोव्हेंबरातलं चकचकीत ऊन! वीस फुटांच्या पांढऱ्या कापडावर काहीच दिसेना. पोरं मोबाइलवर स्कोअर पाहून नगारे वाजवत होती. अंधार पडता पडता आपला डाव 240 वर आटोपला. आता चित्र कसं छान उमटलं. सुरुवातीला तीन विकेट गेल्या, चौक दणाणला. आणि मग ट्रॅव्हिस हेड दिसला. 137 धावा, वीस फुटांच्या पडद्यावर, एकेक चौकार स्वच्छ. एक पोरगं मला म्हणालं, "काका, जरा मांगं घ्या ना मशीन, मंग दिसनार नाई."

आणि गेल्या वर्षीची एक शाळा, नाव नको. देणगीतून प्रोजेक्टर मिळाला. हौसेने वर्गाच्या मागच्या भिंतीवर, बावीस फुटांवर ब्रॅकेट ठोकलं, वायर भिंतीत गाडून वर गिलावा, त्यावर रंग. फळ्याची भिंत आठ फूट मोकळी. चित्र आलं पंधरा फुटांना थोडं कमी. पृथ्वीचा गोल फळ्यावर, ध्रुव दारावर आणि चंद्र बाहेर व्हरांड्यात. झूम पूर्ण आवळून पाहिला, मशीन तिरपी करून चित्र रिमोटने चौकोनी करून पाहिलं. त्याने अक्षरं अजून पुसट झाली. बारा फुटांवर छताला लटकवली असती, तर चित्र भिंतीत अलगद बसलं असतं. मुख्याध्यापकांनी मला तेव्हा फोन केला. मी गेलो, पाहिलं, चहा प्यालो आणि गिलावा फोडायला सांगून आलो.

तेव्हा मंडळवाले, मास्तर लोक, नव्या घरात हॉल सजवणारे भाऊ-वहिनी, फोन जरूर करा. पण भिंतीला ड्रिल लावण्याआधी करा. आणि करताना पडद्याची रुंदी टेपने मोजून, खोका समोर ठेवून करा.