विश्वापेक्षा म्हातारा तारा?

मंडळी, विश्वाचं वय किती? पुस्तकी उत्तर आहे, सुमारे १३८० कोटी वर्षं. मग उद्या ४००० कोटी वर्षांचा तारा सापडला तर? म्हणजे बापापेक्षा मुलगा मोठा! पण डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या सिद्धांताची कसोटी अशाच ताऱ्यांवर ठेवली होती.

आधी ताऱ्याचं वय कसं काढतात ते पाहू. ताऱ्याचं वस्तुमान म्हणजे त्याची पेट्रोलची टाकी. पण टाकी जितकी मोठी तितकं मायलेज वाईट! वस्तुमान दुप्पट झालं की इंधनाचा खप साधारण अकरापट होतो, म्हणून जड तारे आधी संपतात. सूर्याचं आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षं. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाच्या ताऱ्याची टाकी निम्मी, पण खप अकरावा हिस्सा. करा हिशेब : आयुष्य ५००० कोटींच्या वर! इंधन संपत आलं की तारा फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. तेव्हा एखाद्या तारकागुच्छात किती वस्तुमानाचे तारे आत्ता फुगायला लागलेत हे कळलं, की त्याचं वय कळलं.

असा एक गुच्छ मी गावी नुसत्या डोळ्यांनी पाहतो. माझं गाव मुरुड, दापोली तालुक्यातलं (जंजिऱ्याचं मुरुड वेगळं!). मे महिन्याच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास, चंद्र नसताना, दक्षिण क्षितिजाच्या २५ अंश वर एक पुसट ठिपका दिसतो. तो ओमेगा सेंटॉरी. त्यात लाखो तारे आहेत, वय सुमारे १२०० कोटी वर्षं. म्हणजे महास्फोटाच्या हिशेबात नीट बसणारं.

आता नारळीकरांकडे वळू. १९३८ साली कोल्हापुरात जन्म, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याकडे संशोधन, १९७२ साली टीआयएफआरमध्ये, १९८८ पासून पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक. महास्फोट त्यांना कधीच पटला नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी वेगळा सिद्धांत मांडला : विश्वाला आरंभ नाही, ते हजारो कोटी वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरण पावतं. तसं असेल, तर मागच्या आवर्तनातले तारे आजही असणार. निम्म्या वस्तुमानाचा तारा राक्षसी अवस्थेत सापडला, तर महास्फोटाचा हिशेबच कोलमडेल!

मग सापडला का? २०१३ साली एचडी १४०२८३ या ताऱ्याचं वय १४४६ कोटी निघालं, पण चूक-मर्यादा ८० कोटींची. पुढच्या मोजणीत ते खाली आलं. २०२२ साली केपलर दुर्बिणीच्या नोंदींत चक्क निम्म्या वस्तुमानाचे राक्षसी तारे सापडले! पण ते म्हातारे नव्हते. शेजारच्या जोडीदार ताऱ्याने त्यांचं वस्तुमान ओढून घेतलं होतं. टाकीला भोक पडलं होतं म्हणा ना!

बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्याच बाजूने आहेत, कारण विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा खुलासा तोच सर्वांत नीट करतो. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तोवर त्यांचा तारा सापडला नव्हता. पण मला त्यांचं एक आवडतं. बहुमताविरुद्ध बोलताना त्यांनी नुसता वाद घातला नाही. काय शोधायचं, किती वस्तुमानाचं, हे आकड्यांत सांगून ठेवलं. व्हायव्हाला आपण असं उत्तर कितीदा देतो?