फुकट तपासणी, 49 डॉलर 95 सेंट

सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये कॉम्प्युटर आधी घरांत आला नाही, दुकानांत आला. एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर कोर्स 2001 मध्ये सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत टायपिंग, झेरॉक्स, इंटरनेट असे बोर्ड लागत गेले. मशीन असेंबल केलेलं, विंडोज एक्सपी कुणाच्या तरी सीडीवरून टाकलेली, अपडेट बंद. अर्ज भरायच्या दिवसांत कॉलेजच्या पोरांचे पेन ड्राइव्ह एकाच मशीनला सकाळपासून रात्रीपर्यंत लागत. रोग पसरायला आणखी काय पाहिजे?

2008-09 मध्ये 'अँटीव्हायरस 2009' आणि त्याची भावंडं, म्हणजे बनावट अँटीव्हायरस, आली. व्हिडिओ बघायला 'कोडेक' टाका, अशी चौकट यायची. ओके दाबलं की घड्याळाशेजारी ढाल बसलीच. न सांगता तपासणी सुरू. फायलींची नावं भराभर सरकायची, आकडा चढत जायचा आणि शेवटी लाल अक्षरांत धोक्यांची यादी. त्या काळची हार्ड डिस्क इतक्या वेगानं वाचलीच जात नसे, सगळा देखावा होता. 'काढून टाका' म्हटलं की पैसे भरायचं पान: 49 डॉलर 95 सेंट.

खरा वैताग पुढे होता. गूगलवर उपाय शोधला तर निकाल बरोबर दिसत, पण क्लिक केलं की भलतंच पान उघडून तिथंही तीच विक्री. खऱ्या अँटीव्हायरस कंपन्यांच्या साइट तेवढ्या उघडत नसत. दवाखान्याचा रस्ता अडवायचा आणि अडवलेल्या जागीच औषधाचं दुकान थाटायचं, असा हा धंदा. कुणी 'होस्ट्स' नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीत ओळी घुसडे, कुणी साइटचे पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर बदले. अल्युरिऑन नावाचा ट्रोजन तर ड्रायव्हरमध्येच शिरून बसे. फेब्रुवारी 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक अपडेट आलं आणि अल्युरिऑन लागलेली मशीनं निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा कुठं तो आत असल्याचं अनेकांना कळलं.

पण जतमध्ये डॉलर भरणार कोण? दुकानदाराकडं क्रेडिट कार्डच नव्हतं. ठगाला इथून दमडी मिळाली नसेल. नुकसान झालं ते वेगळंच. 'फॉरमॅट मारावं लागतंय,' एवढं एकच औषध गावात मिळायचं. त्यात श्रीलिपीत टाइप केलेल्या लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, पोरांचे बायोडेटा पुसले जात. फॉरमॅट अर्ध्यात असताना भारनियमनाची वेळ झाली की परत पहिल्यापासून.

जगात मात्र या धंद्यानं गडगंज कमावलं. बेलीझमध्ये नोंदवलेल्या आणि युक्रेनमधल्या कीव्हमधून चालणाऱ्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर 2008 मध्ये कोर्टाचा आदेश मिळवला. मे 2010 मध्ये शिकागोत शैलेशकुमार जैन, स्वीडनचा ब्यॉर्न सुंदिन आणि आणखी एकावर आरोपपत्र आलं. आरोप असा, की साठहून अधिक देशांतल्या लोकांच्या गळ्यात दहा लाखांहून अधिक बनावट प्रती मारून त्यांना दहा कोटी डॉलरहून अधिकला फसवलं.

त्याच काळात आपल्याकडं खरं औषधही होतं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून कॉम्प्युटरकडं वळले. त्यांचे भाऊ संजय यांनी पुण्यात शिकताना व्हायरस काढायची साधनं लिहिली, त्यांतून 1995 मध्ये क्विक हील बाजारात आलं. पण खऱ्यालाही विकायचंच असतं. मुदत संपली की तोही लाल होतो, संरक्षण गेलं म्हणून बजावतो. लाल रंग बघून गिऱ्हाईक दोघांनाही सारखंच घाबरणार, आणि मला वाटतं, ठगांनी नेमकं हेच हेरलं होतं.

एक्सपीचा आधार एप्रिल 2014 मध्ये संपला. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि जतला तोवर वाचवणारी एकमेव भिंत पडली: पैसे पाठवण्याची अडचण. ढाल आता मोबाइलवर येते. सिनेमा किंवा गाणं फुकट उतरवायला जावं, तर पान उडी मारून दुसरीकडं नेतं आणि 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत' म्हणतं. फोन थरथरतो, सेकंद उलटे मोजले जातात, खाली 'क्लीनर'चं बटण. वेबपानाला फोनमधले व्हायरस मोजताच येत नाहीत, पण जत तालुक्यातल्या उमदी-संखच्या शेतात उभ्या माणसाला हे कोण सांगणार?

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या 'पीएम किसान'च्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाच्या एपीके फायली त्याच वंशातल्या, फक्त त्या घाबरवत नाहीत, निमंत्रण देतात. एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि ओटीपी परस्पर उचलतात. फसलेला माणूस आधी मुलाला फोन लावतो, मग मोबाइलच्या दुकानात जातो, मग बँकेत. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर कळेपर्यंत रक्कम तीन-चार खात्यांतून फिरून गेलेली असते.