मंगा व रसिकमत

मंगा व रसिकमत : जपानमधील मुद्रित चित्रकथांना ‘मंगा’ ही संज्ञा आहे. तिच्याशी निकटचा संबंध असलेला, तरुण वाचकांसाठी लिहिला जाणारा सचित्र कादंबरीप्रकार ‘लाइट नॉव्हेल’ या नावाने ओळखला जातो. या दोन्ही प्रकारांच्या जडणघडणीत वाचकांच्या पसंती-नापसंतीला जेवढे निर्णायक स्थान लाभले, तेवढे अन्य आधुनिक वाङ्‌मयप्रकारांत क्वचितच आढळते. सामान्यतः कलाकृती पूर्ण झाल्यावर रसिकाचे मत व्यक्त होते; मंगाच्या क्षेत्रात मात्र कथा चालू असतानाच ते विचारले जाते आणि कथेचे आयुर्मान व पुष्कळदा तिची दिशाही त्यावर ठरते. या व्यवस्थेचे लाभ व दोष असे दोन्ही आहेत.

स्वरूप : ‘मंगा’ या शब्दाचा अर्थ स्थूलमानाने ‘स्वैर रेखाटने’ असा होतो. प्रख्यात चित्रकार होकुसाई (१७६०–१८४९) याच्या रेखाटनांचा पहिला खंड होकुसाई मंगा या नावाने १८१४ मध्ये प्रसिद्ध झाला व एकूण १५ खंड निघाले. आजच्या अर्थाने हा शब्द विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. मंगाची पृष्ठे व चौकटी उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या असतात. छपाई बहुधा एकरंगी असते. चौकटींच्या आकारांतील भेद, गतिदर्शक रेषा, संवादांचे फुगे व चित्रातच मिसळलेले ध्वन्यनुकारी शब्द यांच्या साहाय्याने काळाची गती व भावावस्था सूचित केली जाते. कथा प्रथम नियतकालिकातून क्रमशः येते व नंतर ‘तांकोबोन’ नावाच्या छोट्या खंडांत ग्रंथरूप घेते. ही दुहेरी प्रकाशनपद्धती वाचकमताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण नियतकालिकाचा वाचक व ग्रंथ विकत घेऊन संग्रही ठेवणारा वाचक यांचा कौल एकच असतो असे नाही.

विकास : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात स्वस्त पुस्तके व भाड्याने पुस्तके देणारी दुकाने यांतून मंगाचा प्रसार झाला. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या तेझुका ओसामू (१९२८–८९) याच्या शिन ताकाराजिमा (१९४७, म. शी. नवे रत्नद्वीप) या पुस्तकाने चित्रपटासारख्या दृश्यरचनेची ओढ निर्माण केली. १९५७ मध्ये तात्सुमी योशिहिरो याने प्रौढांसाठीच्या गंभीर चित्रकथांना ‘गेकिगा’ (नाट्यचित्रे) हे वेगळे नाव दिले. शोनेन मॅगझिन व शोनेन संडे ही दोन साप्ताहिके १७ मार्च १९५९ या एकाच दिवशी निघाली आणि मासिकांच्या संथ लयीऐवजी साप्ताहिकांची वेगवान लय मंगाला प्राप्त झाली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या गारो या मासिकाने खपाची फिकीर न करता प्रायोगिक चित्रकथांना आश्रय दिला.

वाचकचाचणी : शोनेन जंप हे नियतकालिक १९६८ मध्ये निघाले व पुढील वर्षी साप्ताहिक झाले. प्रस्थापित चित्रकार आधीच्या नियतकालिकांशी बांधलेले असल्याने त्यास नवोदितांवर विसंबावे लागले. कोणता नवोदित टिकेल हे ठरविण्यासाठी अंकासोबतच्या छापील पत्रावर वाचकाने त्या अंकातील आपल्या आवडीच्या तीन कथा नोंदवून पाठवाव्यात, अशी पद्धत तेथे दृढ झाली. खालच्या क्रमांकावर रेंगाळणारी कथा काही आठवड्यांतच आटोपती घेण्यात येई. या स्पर्धेतून अनेक अज्ञात तरुणांना कोणाच्याही शिफारशीवाचून लक्षावधी वाचकांपुढे येण्याची संधी मिळाली. साप्ताहिकाचा खप १९९४ च्या अखेरीस सु. ६५ लाख ३० हजार प्रतींच्या उच्चांकास पोहोचला.

या यशाची दुसरी बाजूही आहे. आठवड्यास सु. वीस पृष्ठे रेखाटण्याचा भार चित्रकारावर व त्याच्या साहाय्यकांवर पडतो. संथ आरंभाच्या कथेला धीर धरणारा वाचक मिळण्यापूर्वीच तिचा शेवट होऊ शकतो. उलट लोकप्रिय कथा लांबत जाण्याचा धोका असतो. तोरियामा आकिरा (१९५५–२०२४) याची ड्रॅगन बॉल (१९८४–९५) ४२ खंडांपर्यंत वाढली. तिची व इनोउए ताकेहिको याच्या स्लॅम डंकची (१९९०–९६) समाप्ती झाल्यावर साप्ताहिकाचा खप झपाट्याने घसरला आणि १९९७ मध्ये शोनेन मॅगझिनने त्यास मागे टाकले. मोजक्या कथांवर विसंबलेल्या लोकप्रियतेचा पाया किती अरुंद असतो, हे त्यावरून दिसून आले. कथा कोठे थांबावी, हा रसिकांच्या चर्चेतील एक कायमचा प्रश्न आहे. किमेत्सु नो याइबा (२०१६–२०) ही लोकप्रियतेच्या शिखरावर असताना २३ खंडांत संपविली गेली, याचे अनेक वाचकांनी स्वागत केले ते याच पार्श्वभूमीवर.

चाचणीचा कौल व काळाचा कौल यांतील अंतराचे एक बोलके उदाहरण मुलींसाठीच्या मंगात सापडते. हागिओ मोतो (१९४९–    ) हिची तोमा नो शिन्झो (म. शी. तोमाचे हृदय) ही जर्मनीतील एका छात्रालयात घडणारी, प्रेम, अपराधभाव व क्षमा यांचा वेध घेणारी कथा १९७४ मध्ये साप्ताहिकातून येऊ लागली. तिच्या पहिल्या प्रकरणाला वाचकचाचणीत अगदी तळाचे स्थान मिळाले व ती आवरती घेण्याची सूचना तिला करण्यात आली. याच सुमारास हागिओच्या पो नो इचिझोकू (म. शी. पो कुटुंब) या मालिकेचा पहिला खंड ग्रंथरूपाने निघाला व त्याच्या प्रती अल्पावधीत संपल्या. तेव्हा संपादकांनी आपला विचार बदलला आणि कथा पूर्ण होऊ शकली. आज ती मुलींच्या मंगातील अभिजात कृती मानली जाते. जपानच्या शासनाने हागिओला २०१९ मध्ये संस्कृतिविषयक कार्याबद्दल राष्ट्रीय सन्मान दिला. एका आठवड्याच्या मतांनी जवळजवळ संपविलेली कथा अशा रीतीने ग्रंथ विकत घेणाऱ्या वाचकांच्या निष्ठेने तारली.

रसिकांचा सहभाग : वाचकांची कथेशी होणारी तादात्म्यता किती उत्कट असू शकते, याची साक्ष आशिता नो जो (१९६८–७३, म. शी. उद्याचा जो) या मुष्टियुद्धावरील मालिकेने दिली. तीत नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी मरण पावल्यावर, नाटककार तेरायामा शूजी याच्या पुढाकाराने २४ मार्च १९७० रोजी प्रकाशनसंस्थेच्या वास्तूत त्या काल्पनिक पात्राचा अंत्यविधी करण्यात आला व त्यास सु. ७०० लोक उपस्थित राहिले.

पुढे हौशी वाचक स्वतःच निर्माते बनले. स्वखर्चाने छापलेल्या हौशी पुस्तिकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. त्यांची देवघेव व विक्री करण्यासाठी २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकिओत ‘कॉमिक मार्केट’ हा पहिला मेळावा भरला. समीक्षक योनेझावा योशिहिरो (१९५३–२००६) हा त्याच्या संस्थापकांपैकी एक होता. पहिल्या मेळाव्यात ३२ गट सहभागी होते. २०१९ च्या उन्हाळ्यातील चार दिवसांच्या मेळाव्यास ७ लाखांहून अधिक लोकांची उपस्थिती नोंदली गेली. यांतील पुष्कळ पुस्तिका प्रसिद्ध कथांतील पात्रांना घेऊन रचलेल्या असतात. आवडत्या कथेत राहून गेलेले दुवे जोडणे, दुय्यम पात्रांना न्याय देणे, शेवट वेगळा कल्पिणे ही एक प्रकारची सर्जनशील टीकाच होय. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान नाजूक असले, तरी प्रकाशक बहुधा त्यांकडे काणाडोळा करतात; कारण याच गटांतून पुढे व्यावसायिक कलावंत तयार होतात. ‘क्लॅम्प’ हा स्त्री-चित्रकारांचा ख्यातनाम गट अशाच हौशी मंडळातून उदयास आला.

लाइट नॉव्हेल : हे नावच मुळी वाचकांनी दिले. १९९० च्या सुमारास संगणकीय संपर्कजाळ्यावरील वाचकांच्या चर्चेत ते पुढे आले व प्रकाशकांनी नंतर त्याचा स्वीकार केला. खिशात मावेल असा आकार, मंगाच्या धर्तीची मुखपृष्ठे व अंतर्गत चित्रे, छोटे परिच्छेद आणि संवादांचे प्राचुर्य ही या प्रकाराची लक्षणे होत. नवोदितांसाठीच्या पारितोषिक-स्पर्धांतून त्याची वाढ झाली. कादोनो कोहेई याची बूगीपॉप (१९९८ पासून) व तानिगावा नागारू याची सुझुमिया हारुही (२००३ पासून) या मालिका अशाच स्पर्धांतून पुढे आल्या. कावाहारा रेकी याची सोर्ड आर्ट ऑनलाइन ही कथा मात्र २००२ पासून लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचली जात होती. ग्रंथरूपाने ती २००९ मध्ये आली.

हौशी लेखकांच्या कथा विनामूल्य प्रसिद्ध करणारे ‘शोसेत्सुका नी नारो’ (म. शी. कादंबरीकार होऊ या) हे संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झाले. तेथे वाचकांनी दिलेल्या गुणांवरून क्रमवारी लागते आणि वरच्या क्रमांकाच्या कथा प्रकाशक निवडतात. वाचकचाचणी अशा रीतीने प्रकाशनाच्याही अलीकडे येऊन पोहोचली. परिणामी एका यशस्वी कल्पनेची अनेक अनुकरणे होऊ लागली. सामान्य माणूस मृत्यूनंतर जादूच्या अन्य जगात जन्म घेतो, हे ‘इसेकाई’ (अन्य जग) कथांचे सूत्र त्यांत प्रमुख आहे. लांबलचक यादीत वाचकाचे लक्ष वेधावे म्हणून संपूर्ण कथानक सांगणारी वाक्यवजा शीर्षके रूढ झाली. या एकसुरीपणावर सर्वांत कठोर टीका करणारेही याच प्रकाराचे निष्ठावंत वाचक आहेत. तथापि त्या टीकेतूनच रूढ सूत्राचे विडंबन वा उलटापालट करणाऱ्या कथाही निपजल्या.

रसिकांचे निकष : शीघ्र मतदानाला पूरक म्हणून अधिक विचारपूर्वक निवडीचे मार्गही निर्माण झाले. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘मंगा ताइशो’ या पुरस्कारासाठी पुस्तक-विक्रेते व अन्य जाणकार वाचक मते देतात. आठपेक्षा अधिक खंड निघालेल्या मालिका त्यातून वगळल्या जातात, जेणेकरून नव्या कथांकडे लक्ष जावे. गिर्यारोहकांच्या सुटकेवर आधारलेली इशिझुका शिनइची याची गाकू (म. शी. शिखर) ही पहिली मानकरी ठरली. मूळ कादंबरी, तिची मंगा-आवृत्ती व चलत्‌चित्र-रूपांतर यांची तुलना हा रसिकांच्या चर्चेचा आवडता विषय होय. निवेदकाचे स्वगत हा लाइट नॉव्हेलचा प्राण असल्याने रूपांतरात त्याचा लोप होतो, ही तक्रार वारंवार केली जाते.

परदेशी रसिकांनी भाषांतराच्या प्रश्नावरही प्रभाव टाकला. आरंभीच्या इंग्रजी आवृत्त्यांत पाश्चात्त्य वाचकांच्या सोयीसाठी पृष्ठे आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटी छापली जात. त्यामुळे उजवी पात्रे डावखुरी होत आणि किमोनोची डावी बाजू वर असण्याऐवजी उजवी बाजू वर येई. जपानी रूढीनुसार तसा किमोनो केवळ मृताला नेसवितात. २००२ च्या सुमारास मूळ दिशेने छापलेल्या आवृत्त्या रूढ होऊ लागल्या व वाचकांनी त्यांस पसंती दिली.

आक्षेप व नियंत्रण : हिंसा व लैंगिकता यांच्या चित्रणावरून मंगावर वेळोवेळी टीका झाली आहे. टोकिओ महानगर प्रशासनाने २०१० मध्ये अल्पवयीनांसंबंधीच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीस चित्रकार व प्रकाशकांनी विरोध केला. मुलांच्या रक्षणाची गरज खरी असली, तरी हेतू न पाहता केवळ दृश्यावरून निवाडा केल्यास काय घडते, हे नाकाझावा केइजी (१९३९–२०१२) याच्या हादाशी नो गेन (म. शी. अनवाणी गेन) या कथेवरून दिसते. बालवयात हीरोशीमावरील अणुबाँबच्या हल्ल्यातून वाचलेल्या नाकाझावाने ती १९७३ मध्ये शोनेन जंपमध्ये सुरू केली. पुढील वर्षी तेथील प्रकाशन थांबले. तथापि अन्य नियतकालिकांतून ती १९८७ पर्यंत चालू राहिली. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने २०१२ मध्ये, तीतील क्रूर दृश्यांचे कारण देऊन, शालेय ग्रंथालयांत ती मुलांना सहज मिळू नये अशी सूचना केली. देशभर निषेध झाल्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये ती मागे घेण्यात आली.

भारतातील परिचय : भारतीय प्रेक्षकांना मंगापूर्वी तिच्या परंपरेतील चलत्‌चित्रांचा परिचय झाला. १९९० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेली मोगलीची मालिका जपानी निर्मिती होती. फुजिको एफ. फुजिओ याच्या डोरेमॉन या मंगावरील मालिका महाराष्ट्रातही घरोघर पोहोचली. तेझुकाची बुद्धचरित्रावरील बुद्धा (१९७२–८३) ही मालिका इंग्रजी भाषांतरातून भारतीय वाचकांपर्यंत आली. आशिता नो जोचाच लेखक काजिवारा इक्की याच्या बेसबॉलवरील क्योजिन नो होशी (१९६६–७१) या कथेचे भारतीय रूपांतर सूरज : द रायझिंग स्टार (२०१२) या नावाने दूरचित्रवाणीवर आले, त्यात बेसबॉलच्या जागी क्रिकेट असून कथा मुंबईत घडते.

मूल्यमापन : २०१७ मध्ये जपानमध्ये मंगाच्या अंकीय आवृत्त्यांची विक्री मुद्रित खंडांहून अधिक झाली. आता टपालाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. कोणते पृष्ठ किती जणांनी उघडले, हेही प्रकाशकास कळू शकते. मताची गती वाढली, की संथ वा अवघड कृतींचे भवितव्य अधिक अनिश्चित होते. क्योटो येथील एका जुन्या शाळेच्या वास्तूत २००६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंगा-संग्रहालयात सु. ३ लाख वस्तूंचा संग्रह आहे व तेथील हजारो खंड कोणाही अभ्यागतास फडताळातून काढून वाचता येतात. या फडताळांत चाचणीत जिंकलेल्या व हरलेल्या कथा शेजारी शेजारी आहेत. शीघ्र कौलाने मंगाला जोम व वैविध्य दिले. परंतु तिला वाङ्‌मयाची प्रतिष्ठा मिळवून दिली ती कथा जपून ठेवणाऱ्या, पुन्हा वाचणाऱ्या व तिच्याविषयी वाद घालणाऱ्या रसिकांनी.