लोकसभेची आचारसंहिता आणि कापडाचा गठ्ठा

व्यापारी बांधवांनो, लोकसभेची निवडणूक आली की बाजारात चर्चा रंगते ती उमेदवारांची आणि पक्षांची. कोण कुठून उभा, कुणाची मते कोण खाणार, याचा हिशेब चहाच्या टपरीवर रोज मांडला जातो. पेढीवर बसणाऱ्याला मात्र दुसरीच धास्ती असते. ती म्हणजे नाक्यावरची तपासणी. या विषयावर आपल्या बाजारात इतके गैरसमज आहेत की दोन शब्द सविस्तर लिहावेत असे आम्हांस वाटले.

२०२४ सालचेच पाहा. निवडणूक आयोगाने १६ मार्च रोजी तारखा जाहीर केल्या आणि त्याच क्षणी आचारसंहिता लागू झाली. रमजानचे जेमतेम पाच रोजे झाले होते. ९ एप्रिलला पाडवा, ११ एप्रिलला ईद आणि पुढे लग्नसराई! कापडवाल्याचा वर्षाचा निम्मा धंदा ज्या दिवसांत होतो, नेमके तेच दिवस. कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत मतदान ७ मे रोजी झाले, मतमोजणी ४ जूनला झाली आणि आचारसंहिता उठली ६ जूनला. म्हणजे जवळजवळ पावणेतीन महिने. युरोपात एवढा काळ लागत नाही. जर्मनीत २३ फेब्रुवारी २०२५ रोजी, एकाच रविवारी, साऱ्या देशाचे मतदान उरकले. इंग्लंडात २०२४ साली निवडणूक जाहीर झाल्यापासून सहा आठवड्यांत मतदान झाले. आपल्याकडे सत्त्याण्णव कोटींच्या आसपास मतदार आणि मतदानाचे सात टप्पे. तेव्हा व्यापाऱ्याने हे दिवस अंगवळणीच पाडून घ्यायला हवेत.

आता मुख्य गैरसमज. “पन्नास हजारांवर रोकड घेऊन फिरायला बंदी आहे,” असे राजारामपुरीपासून गांधीनगरपर्यंत सगळे बोलतात. असा सरसकट नियम नाही. आयोगाच्या कार्यपद्धतीत पन्नास हजारांचा आकडा आहे, पण तो उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता ज्या गाडीत आहे, अथवा ज्या गाडीत प्रचाराचे साहित्य आहे, त्या गाडीसाठी. सामान्य व्यापाऱ्याने आपली वसुली घेऊन जाणे हा गुन्हा नव्हे. दहा लाखांपेक्षा जास्त रोकड सापडली आणि गुन्ह्याचा किंवा उमेदवाराशी संबंधाचा संशय नसेल, तर पथकाने ती जप्त न करता प्राप्तिकर खात्याला कळवावे, असे त्याच कार्यपद्धतीत लिहिले आहे.

मग व्यापारी अडकतो का? अडकतो तो कागद नसल्यामुळे. नाक्यावरच्या माणसाला तुमचा चेहरा पाहून तुमची पेढी कळत नाही. त्याला संशय आला की तो पैसा अडकवून ठेवणार. म्हणून रोकड नेणाऱ्या माणसाजवळ, मग तो मालक असो, मुनीम असो की घरचा पोरगा, पेढीचे पत्र, ओळखपत्र, बँकेतून काढली असेल तर त्याची पावती आणि वसुली असेल तर बिलांच्या नकला असाव्यात. रोजमेळात त्या दिवसाची शिल्लक लिहिलेली असावी. मात्र सबब सांगताना भान ठेवावे. एकाच गिऱ्हाइकाकडून दिवसात दोन लाख किंवा अधिक रोख घेता येत नाही, हा प्राप्तिकराचा नियम आहे. “अमुक दुकानदाराने तीन लाख रोख दिले” असे नाक्यावर सांगितले तर एक भानगड मिटून दुसरी सुरू व्हायची. बँकांनाही आयोगाच्या सूचना असतात. मागच्या दोन महिन्यांत ज्या खात्यात तसा व्यवहार नव्हता, तिथे अचानक एक लाखाच्या वर संशयास्पद भरणा किंवा उचल झाली, तर ती बँकेने कळवायची असते.

रोकडीपेक्षा आम्हां कापडवाल्यांना जपायचे ते मालाला. १५ एप्रिल २०२४ रोजी आयोगाने जप्तीचे आकडे दिले. पहिल्या टप्प्याचे मतदानही झाले नव्हते, तरी एकूण जप्ती ४,६५० कोटींच्या वर गेली होती. २०१९ च्या पूर्ण निवडणुकीत ती ३,४७५ कोटी होती. त्यात रोकड ३९५ कोटी आणि मतदारांना वाटण्याच्या वस्तू १,१४२ कोटी. वाटपाच्या वस्तू म्हणजे काय? कुकर, भांडी आणि साड्या! दहा हजारांपेक्षा जास्त किमतीच्या, मतदारांना आमिष म्हणून वापरल्या जाण्याचा संभव असलेल्या भेटवस्तू पथकाला जप्त करता येतात. दहा हजारांत साड्यांचा एक गठ्ठाही बसत नाही. हातकणंगल्यात त्या वर्षी धैर्यशील माने १३,४२६ मतांनी निवडून आले. राजू शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर राहूनही पावणेदोन लाखांच्या वर मते घेऊन गेले. अनेक पक्षांच्या अशा लढतीत थोडकी मतेही निकाल फिरवतात. म्हणून पथके प्रत्येक टेम्पोकडे संशयाने पाहतात, याचे नवल वाटू नये.

इचलकरंजीहून माल आणणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्राच्या आत सूत, कापड आणि तयार कपडे जॉबवर्कसाठी पन्नास किलोमीटरच्या आत नेत असाल, तर ई-वे बिल लागत नाही. ही सवलत चांगली आहे, पण निवडणुकीत तीच अंगलट येते. टेम्पोवाला म्हणतो, “ई-वे बिल लागतच नाही,” आणि त्याच्याजवळ साधे चलनही नसते. जॉबवर्कचे डिलिव्हरी चलन गाडीत हवेच. त्यावर मीटर, नग, देणारा-घेणारा सारे लिहिलेले असावे. निपाणी-बेळगावकडे माल जाणार असेल तर पन्नास हजारांच्या वर ई-वे बिल चुकत नाही, आणि कोगनोळीजवळ कर्नाटकाचीही तपासणी असते.

काही बांधव या दिवसांत पक्षांच्या ऑर्डरी घेतात. उपरणी, टोप्या, झेंडे. धंदा म्हणून त्यात वावगे नाही. पण बिल उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या नावाने, खऱ्या दराने फाडावे. “बिल नको, दुसऱ्याच्या नावाने टाका” असे कुणी म्हणाला तर हात जोडावेत. उमेदवाराला लोकसभेसाठी आपल्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे आणि निकालानंतर तीस दिवसांत त्याला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. एका व्यक्तीला किंवा पेढीला दहा हजारांच्या वर द्यायचे तर त्याने चेकने अथवा बँकेमार्फतच द्यायचे. रोखीत घेऊन बसलात तर त्याच्या तपासणीत तुमची वही उघडते.

इतके करूनही जप्ती झालीच तर हुज्जत घालू नये. चित्रीकरण चालू असते. पावती मागून घ्यावी. त्यावर अपील कुठे करायचे ते लिहिलेले असले पाहिजे. जिल्ह्यात यासाठी तीन जणांची तक्रार निवारण समिती असते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. गुन्हा नोंद नसेल आणि उमेदवाराशी संबंध दिसत नसेल, तर समितीने रक्कम सोडण्याचा आदेश द्यायचा असतो. रक्कम दहा लाखांच्या वर असेल तर आधी प्राप्तिकर खात्याला कळवले जाते. गुन्हा नसताना जप्त रक्कम मतदानानंतर सात दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पुष्कळ व्यापारी वकिलाकडे धावतात किंवा एखाद्या पुढाऱ्याला फोन लावतात. पुढाऱ्याचा फोन तर सर्वांत वाईट, कारण पक्षाशी संबंध नाही हेच तर तुम्हांला दाखवायचे असते. बिलांच्या नकला, बँकेचा उतारा आणि साध्या कागदावरचा अर्ज घेऊन दुसऱ्याच दिवशी जिल्हाधिकारी कचेरीतील खर्चाच्या कक्षात जावे.

हीच पद्धत विधानसभेलाही चालते. २०२४ मध्ये ती आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे ऐन दिवाळीच्या खरेदीत.