स्टिअरिंगची भूमिती

आंबोली घाटातल्या अवघड वळणावर मोटारीचे पुढचे आतले चाक बाहेरच्यापेक्षा लहान वर्तुळात फिरते, म्हणून ते जास्त वळवावे लागते. मारुती ८०० ने पाच मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर आतले चाक सुमारे २६ अंश आणि बाहेरचे २१ अंश वळायला हवे. हा फरक चाकाला जोडलेल्या स्टिअरिंग आर्मच्या तिरपेपणातून साधतो. रुडॉल्फ ॲकरमान यांनी १८१८ मध्ये लंडनला अशा स्टिअरिंगचे पेटंट घेतले, तेही घोडागाडीसाठी. कल्पना मुळात लांकेनस्पेर्गर या जर्मन गाडी-कारागिराची.

शर्यतीच्या ट्रॅकवर गणित बदलते. वेगात भार बाहेरच्या चाकावर जातो, टायर किंचित घसरत चालतात, आणि हा फरक कमी ठेवणे बहुधा फायद्याचे ठरते. फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धांतल्या अरुंद, मंद वळणांवर मात्र तो उपयोगी पडतो.

घरी बांधलेल्या गाडीत खरी डोकेदुखी वेगळीच असते. सस्पेन्शन खाली घेतले की चाके वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडतो आणि खड्ड्यागणिक चाके आपोआप वळू लागतात. यावर स्टिअरिंग रॅकची उंची बदलतात किंवा टाय रॉडच्या टोकाशी स्पेसर घालतात. त्यासाठी स्टिअरिंग आर्म तापवून वाकवणे धोक्याचे: पोलाद कमजोर होते.