अनुभवी खेळाडू विकावेत की नवे घडवावेत? बेसबॉलमधील पुनर्बांधणीचा हिशेब

२८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बॉस्टनचा पिचर ख्रिस सेल याने मॅनी मचाडोला बाद केले आणि वर्ल्ड सिरीज संपली. त्या क्षणी समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांनाही त्यांच्या जुन्या संघांनी पुनर्बांधणीच्या नावाखाली देऊन टाकले होते. सेलला शिकागो व्हाइट सॉक्सने डिसेंबर २०१६ मध्ये, तर मचाडोला बाल्टिमोर ओरिओल्सने २०१८ च्या जुलैत. त्या मोसमात व्हाइट सॉक्स १०० सामने हरले आणि ओरिओल्स ११५. दोन्ही शहरांतील चाहत्यांकडून धीराचीच अपेक्षा होती. पुढे ओरिओल्सनी २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले. व्हाइट सॉक्सनी २०२४ मध्ये १२१ गमावले. आधुनिक काळात एका मोसमात इतके पराभव कोणाच्याही वाट्याला आले नव्हते.

मार्ग एकच असताना फळ इतके वेगळे का मिळाले?

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना आपला सर्वोत्तम खेळाडू असा देऊन टाकणे प्रथम निर्दयपणाचे वाटते. त्यामागचे कारण कराराच्या रचनेत आहे. मुख्य लीगमध्ये आलेला खेळाडू साधारणपणे सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्त होतो. त्यांपैकी पहिली तीनएक वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, पुढील वर्षांचे वेतन लवादाच्या प्रक्रियेतून वाढत जाते आणि मुक्त झाल्यावर तो कोट्यवधी डॉलर देणाऱ्या संघाकडे जाऊ शकतो. मोसमामागून मोसम हरणाऱ्या संघासाठी अशा खेळाडूचे उत्तम वर्ष वाया जाण्यासारखेच असते. म्हणून करार शिल्लक असतानाच त्याच्या बदल्यात चार तरुण घ्यावेत, असा विचार होतो. सेलला इतका भाव आला, कारण त्याच्या स्वस्त कराराची तीन वर्षे बाकी होती.

तो भाव खरोखरच उत्तम होता. सेलच्या बदल्यात योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक यांच्यासह चौघे मिळाले. अ‍ॅडम ईटनच्या बदल्यात लुकस जिओलिटो आला, तर पुढील जुलैत होझे किंताना शेजारच्या कब्जना देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ यांना घेण्यात आले. त्या काळी या सौद्यांचे सर्वत्र कौतुक झाले. २०२१ मध्ये संघाने ९३ विजयांसह आपला विभागही जिंकला. मात्र प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत ह्यूस्टनकडून पराभव झाला आणि तेथूनच उतरण लागली.

दुखापतींचा वाटा मोठा होता, हे मान्य. पण मला जिओलिटोची कथा अधिक बोलकी वाटते. २०१८ मध्ये तो दर नऊ डावांमागे सहाहून अधिक धावा देत होता. सुधारणा झाली ती त्याने त्या हिवाळ्यात शाळेच्या दिवसांतील प्रशिक्षक ईथन कॅट्झ यांच्याबरोबर चेंडूफेकीची पद्धत बदलल्यामुळे. ऑगस्ट २०२० मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता सामना जिंकून दिला. कॅट्झ यांना संघाने कामावर घेतले ते त्यानंतर. संघाने आणलेल्या रत्नाला पैलू पाडण्याचे काम संघाबाहेर होत होते!

बाल्टिमोरलाही हा धडा स्वस्तात मिळालेला नाही. २०१३ मध्ये त्यांच्याकडे जेक अ‍ॅरिएटा नावाचा पिचर होता आणि तो नऊ डावांमागे सातहून अधिक धावा देत होता. त्याला त्यांनी कब्जना देऊन टाकले. त्याच अ‍ॅरिएटाने २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि २०१६ मध्ये कब्जनी १०८ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली. हात तोच होता, कार्यशाळा बदलली होती.

म्हणून मचाडोच्या सौद्यापेक्षा २०१८ च्या नोव्हेंबरमधली एक नेमणूक मला अधिक महत्त्वाची वाटते. बाल्टिमोरने ह्यूस्टनहून माइक एलायस यांना आणले. (ह्यूस्टनच्या २०१७ च्या विजेतेपदावर खुणा चोरल्याचा डाग आहे, तरी आल्टुवे, कोरेआ, स्प्रिंगर आणि ब्रेगमन हे त्या संघाचे आधारस्तंभ त्यांनी स्वतःच घडवलेले होते.) मचाडोच्या बदल्यात आलेल्या पाच जणांतील मुख्य खेळाडू, युस्निएल दियाझ, बाल्टिमोरच्या संघात कधीच स्थिरावला नाही, उपयोगी पडला तो पिचर डीन क्रेमर. १०१ विजयांमागचे अ‍ॅडली रचमन आणि गनर हेंडरसन हे दोघे २०१९ च्या ड्राफ्टमधून आले होते.

म्हणजे 'विकावे की घडवावे' हा पर्यायच मुळात फसवा आहे. विक्रीतून मिळतो तो कच्चा माल. संघ पुन्हा उभा राहण्याआधी ज्याचा करार संपणार आहे त्याला विकणे शहाणपणाचेच आहे, पण माल घडवणारी माणसे, यंत्रे आणि मायनर लीगमधील शिस्त आधी उभी हवी. शिवाय पीक हाती आल्यावर उलट दिशेनेही जाता आले पाहिजे. ह्यूस्टनने ऑगस्ट २०१७ मध्ये तीन होतकरू देऊन जस्टिन व्हरलँडरला आणले आणि दोन महिन्यांत विजेतेपद मिळवले. बाल्टिमोर मात्र पिचर जमवण्यात कमी पडले आणि २०२५ मध्ये विभागात तळाला गेले.

हरत राहिल्याने ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते, हा जुना आधारही आता उरलेला नाही. पहिल्या सहा निवडी सोडतीने ठरतात आणि मोठ्या बाजारपेठेतील संघाला लागोपाठ दोन वर्षे त्या सोडतीत भाग घेता येत नाही. त्यामुळे १२१ पराभवांनंतरही व्हाइट सॉक्सना २०२५ मध्ये दहावी निवड मिळाली.

डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी गॅरेट क्रोशेलाही बॉस्टनला दिले आणि बदल्यात काइल टील, चेस माइड्रॉथ, ब्रेडन मॉन्टगोमेरी आणि विकेलमन गोन्झालेझ यांना घेतले. खरेदीदार तोच, शिकागोची आशाही तीच. टील, माइड्रॉथ आणि गोन्झालेझ २०२५ मध्येच मुख्य संघात खेळले. संघाच्या होतकरूंची घडण शिकागोपासून दूर, बर्मिंगहॅम आणि शार्लट येथील मायनर लीगच्या मैदानांवर चालते. शार्लटमधील वाचकांना ती घराजवळ पाहता येईल आणि तिकीटही शिकागोपेक्षा बरेच स्वस्त पडेल.