गोडाऊनबाहेर गेलेला स्पीकर

साउंड-लाइट भाड्याने देणाऱ्या माणसाला विम्याबद्दल विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: ‘आहे ना, कर्ज देताना बँकेनं काढायला लावला.’ तो कागद एकदा उघडून वाचा. त्यावर गोडाऊनचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरच्या मालाला आग, वीज, पूर यांपासून संरक्षण असतं. आपला माल मात्र कमाई करतो तो गोडाऊनबाहेर.

समजा, कोल्हापूरहून एका गावच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्रासाठी टॉप, बेस, मिक्सर, पार लाइट, शार्पी आणि ट्रस टेम्पोत चढले. टेम्पो घाटात उलटला. गाडीच्या विम्यातून गाडीची दुरुस्ती होईल, रस्त्यावरच्या जखमी माणसाला भरपाई मिळेल. आतल्या मालाचा त्यात समावेश नसतो. त्यासाठी वाहतुकीचा वेगळा विमा लागतो.

माल सुखरूप पोहोचला, स्टेज उभं राहिलं, आणि जनरेटरचा न्यूट्रल सुटला. २३० व्होल्टवर चालणाऱ्या मिक्सरवर क्षणात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. मिक्सर जळतो. आगीच्या विम्यात अशा वेळी एक अट आडवी येते: विजेच्या दोषानं ज्या यंत्रात बिघाड झाला, त्या यंत्राची भरपाई सहसा नाही, त्यातून आग पसरून शेजारचं सामान जळलं तर त्याची आहे. म्हणून या धंद्याला इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा किंवा ‘ऑल रिस्क’ पॉलिसी घ्यावी लागते. तीही डोळे मिटून घेऊ नका. ‘माल भाड्याने दिला जातो’ आणि ‘भारतात कुठेही नेला जातो’ या दोन्ही गोष्टी पॉलिसीत लिहिलेल्या हव्यात. धंद्याचं खरं स्वरूप विमा कंपनीपासून लपून राहिलं, तर दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ऑपरेटर न पाठवता नुसता माल देताना. कोणी दोन दिवसांसाठी सहा शार्पी नेल्या आणि परत आणल्याच नाहीत. आपल्या लेखी ही चोरी. कायद्याच्या लेखी तसं नाही: माल तुम्ही स्वखुशीनं हातात दिलात, त्यामुळे हा विश्वासघात. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आणि विश्वासघाताचं ३१६, असे दोन वेगळे गुन्हे आहेत. घरफोडीच्या विम्याला कुलूप किंवा दार तोडल्याची खूण लागते आणि सोपवलेल्या मालाचा अपहार बहुतेक पॉलिसींत वगळलेलाच असतो. अनोळखी गिऱ्हाइकाकडून ओळखपत्र आणि भरघोस डिपॉझिट घेणं, हाच इथे खरा विमा.

नुकसान गिऱ्हाइकाकडून भरून घेऊ, असं वाटत असेल तर १८७२ चा भारतीय करार कायदा पाहा. कलम १५१ आणि १५२ प्रमाणे, सामान्य सुज्ञ माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी नेणाऱ्यानं घेतली असेल, तर वेगळा करार नसताना तो नुकसानीला जबाबदार नाही. म्हणून नुकसान कोणी भरायचं ते चलनावर स्पष्ट लिहून सही घ्या. कलम १५० तर आपल्यावरच उलटतं: भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यातून नेणाऱ्याला इजा झाली, तर तो दोष आपल्याला माहीत नव्हता हे सांगून सुटका नाही. केबल सोललेली असेल तर ती आधी बदला, विम्याचं नंतर बघू. ट्रस प्रेक्षकांवर कोसळला तर त्यासाठी तिसऱ्या पक्षाच्या दायित्वाचा विमा लागतो. ट्रसवर चढणाऱ्या पोरांसाठी कामगार भरपाईचा वेगळा. या पोरांचा विमा टाळणं मला अक्षम्य वाटतं.

हप्ता वाचवायला मालाची किंमत कमी दाखवू नका. दहा लाखांच्या मालाचा सहा लाखांचाच विमा असेल, तर एक लाखाच्या नुकसानीवर साठ हजार धरतात आणि त्यातूनही ठरलेली वजावट जाते. प्रत्येक नगाचा सीरियल नंबर, फोटो आणि खरेदीचं बिल जपून ठेवा. सर्व्हेअर आधी तेच मागतो.

गणपतीच्या ऑर्डरी घेण्याआधी एजंटला तीन प्रश्न लेखी पाठवा: माल वाटेत असताना, मांडवात असताना आणि दुसऱ्याच्या ताब्यात असताना काय मिळेल? उत्तरही लेखीच मागा.